न झालेल्या दंगलीचा पंचनामा

अण्णांच्या शोकसभेत सात जण बोलले. पाच जणांनी ‘शांतिदूत’ म्हटलं, सहाव्याने ‘सलोख्याचा सेतू’ म्हटलं, आणि सातवे गृहस्थ बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेची तयारी करून आले होते. माझ्या शेजारी अण्णांचा नातू बसला होता, दहावीतला. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “काका, पण आजोबा नेमकं करायचे काय?”

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. “लोकांना भेटायचे,” एवढंच म्हणालो. पोरगं गप्प बसलं, पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही.

प्रश्न रास्त होता. अण्णा पोस्टमन होते, ते सांगायला सोपं. चिपळूणकडून आले, खाकी कपडे घातले, मुंबईत आग्रीपाडा आणि मुसलमान वस्तीचा मदनपुरा यांच्या सीमेवरची बीट सांभाळली, २००४ साली रिटायर झाले. पण त्याखेरीज जे पंचवीस-तीस वर्षं केलं त्याला नाव काय द्यायचं? बंब येऊन आग विझवतो तेव्हा पेपरात फोटो येतो. आग लागलीच नाही तर फोटो कशाचा काढणार? दंगल झाली की पंचनामा होतो, आयोग बसतो, अहवाल येतो. न झालेल्या दंगलीचा पंचनामा कुणी करत नाही. म्हणून तो मीच करायचं ठरवलं, त्या मुलासाठी, जमेल तितक्या सोप्या भाषेत.

आधी दंगल म्हणजे काय ते बघू, कारण आपला सगळा गोंधळ तिथेच आहे. आपण म्हणतो, ‘दंगल उसळली’, ‘वणवा पेटला’, ‘उद्रेक झाला’. जणू पाऊस पडावा तशी ती पडते. पॉल ब्रास नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर प्रदेशातल्या शहरांत वर्षानुवर्षं राहून याच्या उलट मांडणी केली. दंगल उसळत नाही, ती उभी केली जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सांगितलेले टप्पे मराठी माणसाला नाटकाच्या भाषेत चटकन कळतील : आधी तालीम, मग प्रयोग, मग परीक्षण. तालमीत छोट्या छोट्या कुरापती चालू राहतात, वातावरण गरम ठेवलं जातं. योग्य मुहूर्तावर प्रयोग लागतो. आणि नंतर ‘सुरुवात कुणी केली’ यावर भांडण होतं. ते भांडण हीच पुढच्या प्रयोगाची तालीम असते. प्रत्येक जागी काही माणसं ठिणगी जपून ठेवायच्या कामावरच असतात, असं ब्रास म्हणतात. अण्णांनी ब्रास वाचले नव्हते. पण आमच्या भागात तशी माणसं कोण, हे त्यांना नावानिशी ठाऊक होतं. त्यातल्या दोघांना ते दर दिवाळीला फराळाचा डबा न्यायचे. मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, “डबा परत द्यायला तरी यावं लागतं की नाही त्याला?”

मुंबईचा प्रयोग दोन अंकी होता. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली, त्यानंतर पहिला अंक. मग महिनाभर धुमसत राहिलं : एकीकडे रस्त्यावरच्या नमाजाचा वाद, दुसरीकडे महाआरत्या. जानेवारी १९९३ मध्ये दुसरा अंक झाला आणि तो पहिल्यापेक्षा भयंकर होता. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेला आकडा ९०० मृतांचा आहे. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जण असे, ज्यांची ओळखच पटली नाही. १९९६ च्या जानेवारीत राज्य सरकारने हा आयोगच गुंडाळला, काही महिन्यांनी पुन्हा जिवंत केला, आणि अहवाल सादर झाला तो फेब्रुवारी १९९८ मध्ये. अण्णा म्हणायचे, आमच्या खात्यात एवढ्या उशिरा पत्र पोचवलं असतं तर मेमो मिळाला असता.

अण्णांचं काम सुरू झालं ते पत्रांमुळेच.

जानेवारीनंतर ते बीटवर परत गेले तेव्हा पिशवीत पत्रं होती आणि दारं बंद होती. काही खोल्या जळलेल्या, काहींना कुलपं. गाड्या भरभरून माणसं गावाकडे निघून गेली होती. जी उरली ती आपापल्या ‘सुरक्षित’ भागात सरकत होती. आज जे मुंब्रा दिसतं त्याची वस्ती त्यानंतरच्या वर्षांतच फुगली. पत्र घेणारा नसला की पोस्टमनने शेरा मारून ते परत करायचं असतं. ‘सोडून गेले.’ अण्णा दिवसभर तोच शेरा लिहीत होते. इकडच्या पत्रावर तो, तिकडच्या पत्रावरही तोच. एका संध्याकाळी घरी येऊन ते काकूंना म्हणाले, “माझं अक्षर बिघडलं गं.” हे मला काकूंनी शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या सभेत बोलल्या नाहीत. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते डायरी घेऊन मुंब्र्याला गेले. पत्रं बरोबर नेता येत नाहीत, तो नियमभंग झाला असता. त्यांनी नेले ते पत्ता बदलल्याचे कोरे अर्ज. स्टेशनबाहेर चहावाल्याला विचारत, एकाकडून दुसऱ्याकडे जात त्यांनी आपल्या बीटवरची कुटुंबं शोधली, अर्जावर सह्या घेतल्या आणि सोमवारी पोस्टात दिले. असे कितीतरी रविवार. उलट्या दिशेलाही गेले : मदनपुऱ्याच्या कडेची खोली विकून अंबरनाथला गेलेली मराठी कुटुंबं त्यांनी तशीच हुडकली. त्यांच्या पोरांच्या नोकरीचे कॉल, विम्याची पत्रं, गावाकडची आवतणं त्या दोन-तीन वर्षांत हरवली नाहीत ती यामुळे. उर्दूत लिहिलेले पत्ते वाचता यावेत म्हणून ते लिपी आधीच शिकले होते, नाक्यावरच्या टेलर मास्टरकडून. त्या गल्लीत त्यांचं नाव होतं ‘डाकवाले चाचा’.

आता जरा थांबून मोहल्ला कमिटी म्हणजे काय ते सांगतो, कारण अण्णांचं पुढचं सगळं काम तिच्यातून झालं.

याची खरी सुरुवात मुंबईत नाही, भिवंडीत झाली. यंत्रमागांचं गाव. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे मोठी दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा, आणि ती मुंबईपर्यंत पसरली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे तिथे आले. तोवर पोलिसांची पद्धत एकच होती : सण आला की ‘शांतता समिती’ बोलवायची. तुम्ही कधी अशा बैठकीला गेला असाल तर चित्र डोळ्यांसमोर येईल. पोलीस ठाण्याच्या हॉलमध्ये खुर्च्या, पुढच्या रांगेत दोन्हीकडचे पुढारी, पांढरेशुभ्र कपडे, एकमेकांच्या खांद्यावर हात, बिस्किटं, फोटो. आणि गंमत अशी, की ज्यांच्यापासून शांततेला धोका तेच कित्येकदा समितीचे सन्माननीय सदस्य.

खोपड्यांनी खुर्च्या उलट्या मांडल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं घेतली, ज्यांना दंगलीत गमावण्यासारखं काही आहे अशी : दुकानदार, मागावरचे कामगार, शिक्षक. दोन्ही धर्मांची. बैठक सणापुरती नव्हे, वर्षभर. आणि पोलीस ठाण्यात न होता वस्तीत. बरोबर त्या भागाचा शिपाई, ज्याला लोक तोंडाने ओळखतील. हीच मोहल्ला कमिटी. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना इतका रक्ताळलेला इतिहास असलेली भिवंडी शांत राहिली. एका पोलीस अधिकाऱ्याची ही किमया असं कुणी म्हटलं की मला थोडं खटकतं, कारण माग चालवायला मालक, सूतवाला आणि कामगार तिघेही लागतात आणि ते एकाच धर्माचे नसतात. त्या गरजेला त्यांनी बसायला सतरंजी दिली, असं म्हणू.

मुंबईत हीच कल्पना १९९४ च्या सुमारास आली. पोलीस आयुक्त सतीश साहनी होते. माजी आयुक्त जुलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी ती उचलून धरली, आणि पुढे तिचा मोहल्ला कमिटी मूव्हमेंट ट्रस्ट झाला. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेट सामने हा त्यांचा गाजलेला उपक्रम. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडगोळीने वेगळाच मार्ग काढला. चार मुलांना चार धर्मांचे वेष घालून काढलेला फोटो आणि खाली ‘हम सब एक हैं’. ते पोस्टर त्या काळात पुष्कळांनी पाहिलेलं आहे. अण्णांना पोस्टरं आवडत नसत, पण हे एक त्यांनी घरात लावलं होतं. म्हणाले, “यात कोणी भाषण करत नाहीये.”

आमच्या कमिटीच्या पहिल्या बैठकीला मी गेलो होतो, तरुण होतो, काहीतरी उदात्त ऐकायला मिळेल या आशेने. पाऊण तास चर्चा झाली ती तुंबलेल्या गटारावर. मग रेशन दुकानातल्या रांगेवर, मग पाणी पहाटे साडेचारला का येतं यावर. बाहेर पडताना मी अण्णांना म्हटलं, ही कसली शांतता? ते म्हणाले, “गटार दोघांचंही तुंबतं.”

ही नुसती चतुर कोटी नव्हे, यामागे शास्त्र आहे. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी सहा शहरांच्या तीन जोड्या घेतल्या : अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनऊ, अहमदाबाद-सुरत. प्रत्येक जोडीत मुसलमानांचं प्रमाण साधारण सारखं, पण एकीकडे दंगलींचा इतिहास आणि दुसरीकडे बरीच शांतता. असं का, हा प्रश्न. त्यांचं उत्तर २००२ साली प्रसिद्ध झालं. थोडक्यात असं : दोन धर्मांच्या माणसांचा संबंध दोन प्रकारचा असतो. एक रोजचा. शेजारी नमस्कार करतो, ईदला शीरखुर्मा येतो, दिवाळीला करंज्या जातात. दुसरा संस्थेतला : युनियन, व्यापारी संघ, वाचनालय, क्लब, जिथे दोघांचं हित एकाच वहीत लिहिलेलं असतं. खेडेगावात पहिल्या प्रकाराने भागतं, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. शहरात ते पुरत नाही. शीरखुर्मा खाल्लेला शेजारीही अफवेच्या रात्री दार लावून घेतो. त्याला तसा दोष देता येत नाही, तो घाबरलेला असतो. पण संस्था असली तर कुणीतरी फोन करतं, कुणीतरी जाऊन बघून येतं.

मुंबईबद्दल इथे मला माझं एक मत घुसडायचं आहे. १९८२ मध्ये गिरणी संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. आपण त्या संपाचा हिशोब नोकऱ्यांत करतो. पण गिरणीबरोबर युनियनही गेली, पाळी सुटल्यावर एकत्र चहा पिणंही गेलं. दहा वर्षांनी दंगल आली तेव्हा मराठी कामगाराचा पोरगा आणि मदनपुऱ्यातल्या विणकराचा पोरगा यांना एकमेकांची नावं माहीत नव्हती, त्यांच्या बापांना होती. अर्थात गिरणीचं सोनं करायला नको. त्याच गिरण्यांत दलितांना विणखात्यात घेत नसत, कारण धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावं लागे आणि बाकीच्यांना ते ‘चालत’ नसे. म्हणजे एकत्र आणणाऱ्या संस्थेलाही आपलं दार असतं आणि त्याला कडी असते. अण्णा हे कधी विसरले नाहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. तेव्हा आमच्या कमिटीत काही जण म्हणाले, हा आपला विषय नाही, आपला विषय हिंदू-मुसलमान. अण्णा बैठकीतून उठून गेले. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढ्यापुरतं.

अफवेकडे येतो. अण्णांचा निम्मा जन्म तिच्यामागे धावण्यात गेला.

जानेवारी १९९३ मध्ये बातमी होती की समुद्रातून शस्त्रांनी भरलेल्या बोटी येणार. दादर-शिवाजी पार्कच्या किनाऱ्यावर लोक गाड्यांचे हेडलाइट पाण्यावर रोखून रात्ररात्र जागले. आज हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. बोटी आल्या नाहीत. खरी स्फोटकं पुढे फेब्रुवारीत रायगडच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली, आणि १२ मार्चच्या स्फोटांत २५७ माणसं मेली. अफवा ही नेहमी शंभर टक्के खोटी असते असं नाही. ती तुम्हाला चुकीच्या किनाऱ्यावर उभं करते, हा तिचा धोका.

तिची ठेवण ओळखता येते. ती नेहमी ‘पलीकडे’ घडलेली असते, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेली नसते, आणि तिच्यात आपलं काहीतरी नाजूक दुखावलेलं असतं : मूर्ती, ग्रंथ, लहान मूल, बाई. अण्णांचे ठरलेले प्रश्न असत. कुणी पाहिलं? त्याचं नाव काय? तो आत्ता कुठे आहे? बहुतेक अफवा दुसऱ्या प्रश्नालाच बसतात. न बसल्या तर अण्णा चप्पल घालायचे.

ती टाकीची गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकाची अखेर, अनंत चतुर्दशी, दुपारी चारचा सुमार. आमच्या मंडळाची मिरवणूक मदनपुऱ्याच्या कडेच्या गल्लीतून जायची, जुना मार्ग, परवानगी असलेला. एका चार मजली इमारतीखालून जाताना वरून पाणी पडलं. थेंब नव्हे, चांगली धार. गुलालावर पडल्यामुळे ट्रॉलीच्या कडेने लाल ओघळ आले आणि लांबून बघणाऱ्याला ते कसलेही वाटू शकले असते. दहा सेकंदांत ‘पाणी पडलं’चं ‘पाणी टाकलं’ झालं, आणखी दहा सेकंदांत ‘घाण पाणी टाकलं’. ढोल थांबले. ज्याने कधी दंगलीच्या आधीची शांतता ऐकली आहे त्याला ते ढोल थांबणं कळेल. बंदोबस्ताचा हवालदार वॉकीटॉकीवर बोलायला लागला. गॅलरीतल्या बायका आत गेल्या.

अण्णा मिरवणुकीच्या कडेने चालत होते, दर वर्षी चालत, आणि टेलर मास्टर पलीकडच्या फूटपाथवर. दोघांचं तसं ठरलेलंच असायचं. अण्णांनी मंडळाच्या अध्यक्षाचा हात धरला, विनंती नाही, भाषण नाही, सरळ मनगट धरलं आणि म्हणाले, “चल, बघून येऊ.” मास्टर पुढे, मागे अध्यक्ष, मागे अण्णा, तिघे जिना चढून गच्चीवर गेले. खाली आम्ही दोनशे माणसं वर बघत उभे. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पाच मिनिटं असतील. मग तिघे खाली आले आणि अध्यक्षाच्या हातात एक बॉलकॉक होता. टाकीतला तो प्लास्टिकचा गोळा, काळा, शेवाळलेला, दांडीपासून तुटलेला. गोळा तुटला म्हणून टाकी भरून वाहत होती, ओव्हरफ्लोचा पाइप रस्त्याच्या बाजूला. अध्यक्षाने तो गोळा डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला, गणपतीचा मुकुट दाखवावा तसा. कुणीतरी हसलं. मग ढोल सुरू झाले.

यातलं काय महत्त्वाचं, हे मला पुढे कळलं. अण्णा एकटे वर जाऊन खाली येऊन ‘गोळा तुटलाय’ म्हणाले असते तर निम्म्यांनी विश्वास ठेवला नसता, कारण तोवर ‘हा त्यांचा माणूस’ हा शिक्का त्यांच्यावर बसलेलाच होता. म्हणून सर्वांत जास्त चिडलेल्या माणसालाच त्यांनी साक्षीदार केलं. दुसरं : मास्टर पुढे होते म्हणून जिन्यात कुणी अडवलं नाही. तिसरं म्हणजे, हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत झालं. त्यानंतर पोलीस जे करू शकतात ते लाठीचं आणि जमावबंदीचं काम. पूर्वीचं कलम १४४, जे नव्या संहितेत १ जुलै २०२४ पासून १६३ झालं. सणाआधी संशयितांवर चॅप्टर केस करतात, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात, तोही कायद्यातला प्रतिबंधक उपायच. हे सगळं लागतंच. पण कायद्याला बॉलकॉक दिसत नाही.

अण्णांची डायरी मी नंतर पाहिली. त्यात नेत्यांचे नंबर फारसे नव्हते. रात्री उशिरापर्यंत उघडा असणारा पानवाला. मेडिकलवाला. रात्रपाळीची नर्स. दूधवाला, कारण तो पहाटे चारला सगळ्या गल्ल्या बघतो. आणि दोन नंबरांखाली दोनदा रेघ : मशिदीच्या माइकची किल्ली ज्याच्याकडे असते तो, आणि मंडळाच्या स्पीकरवाल्याचा. अफवा पसरली की दोन्ही माइकवरून एकच वाक्य एकाच वेळी जायला हवं, हा त्यांचा हट्ट. “काही झालेलं नाही, घरी जा.” बस. अपील, आवाहन, बंधुभाव असले शब्द त्यात येऊ द्यायचे नाहीत.

मोबाइल आल्यावर खेळ बदलला. अफवेला आता गल्ली चालत पार करावी लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. आठवडी बाजाराचा दिवस, दिवसाढवळ्या. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. अण्णांनी त्या दिवसांत सत्तरी ओलांडली होती. ग्रुपवर काही आलं की ते टाइप करत बसत नसत, पाठवणाऱ्याला सरळ फोन लावत. “अरे, हे तू पाठवलंस? कुणी पाहिलं?” माणूस लिहिताना शूर असतो, बोलताना जरा ओशाळतो. तरुण पोरं त्यांना टाळायला लागली होती, हेही खरं.

आणि सगळं काही जमलं असंही नाही. एका वर्षी एक पावाची हातगाडी जळाली, अण्णा लग्नाला गावी गेले होते. परत आल्यावर त्यांनी गाडीवाल्याला नवी गाडी घ्यायला वर्गणी काढली. इकडच्या काहींनी दिली, पुष्कळांनी दिली नाही. कमिट्याही हळूहळू सुकल्या. काही जण नुसत्या ओळखपत्रासाठी आले, साहेबांबरोबरच्या फोटोसाठी आले. काहींना वस्तीत ‘पोलिसांचा खबरी’ म्हणू लागले, कधी कधी ते खरंही असायचं. सुरुवातीला बायका नावाला होत्या. त्या आल्यावर बैठका वेळेवर सुरू व्हायला लागल्या.

शेवटी एक अवघड गोष्ट, जिच्यावर आमचे वाद व्हायचे. योहान गाल्टुंग हे नॉर्वेचे विचारवंत शांततेचे दोन प्रकार सांगत. मारामारी नाही ती नकारात्मक शांतता, अन्याय नाही ती सकारात्मक. मी अण्णांना म्हणायचो, तुम्ही पहिलीच सांभाळताय. लोक गप्प बसले म्हणजे झालं का? १९९२-९३ मध्ये बेपत्ता झालेले १६८ जण. त्यांतल्या ६० जणांच्याच वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांचा शोध घ्या असं सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. तीस वर्षांनी! अण्णा यावर वाद घालत नसत. पण २०२२ चा तो निकाल पेपरात आला त्या सकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “वारस शोधायचेत म्हणे. पत्ते त्यांच्याकडे नसतील.” त्यांनी जुन्या डायऱ्या काढल्या होत्या. गुडघे गेलेले, तरी आम्ही दोघे तीन वेळा मुंब्र्याला जाऊन आलो. एक घर सापडलं. त्या घरात जे बोलणं झालं ते मी इथे लिहिणार नाही.

गेल्या महिन्यात ते गेले, एक्याऐंशीव्या वर्षी, झोपेत. मास्टर त्यांच्या आधीच चार वर्षं गेलेले. अंत्ययात्रा मदनपुऱ्याच्या बाजूने न्यायची नव्हती, लांब पडतं. पण तिकडची माणसं चालत इकडे आली.

परवा खोली आवरताना कपाटावर तो बॉलकॉक सापडला. शेवाळ वाळून भुकटी झालेली. नातू म्हणाला, हे भंगारात टाकू का? मी त्याला गोष्ट सांगितली, जशी वर लिहिली तशीच. त्याने गोळा पुसून परत वर ठेवला.

काल संध्याकाळी मास्टरांच्या मुलाचा फोन आला. अण्णांचा नंबर लागत नाही म्हणून माझा शोधून काढलेला. येत्या आठवड्यात मिरवणूक आहे, त्याच इमारतीवर आता सिंटेक्सच्या दोन टाक्या आहेत आणि एकीचा पाइप गळतोय. प्लंबर सांगून ठेवलाय, पण एकदा कुणीतरी तुमच्या बाजूचं येऊन बघून गेलं तर बरं, असं त्याचं म्हणणं. रविवारी सकाळी दहाला जायचं ठरलंय. पोरगंही येतो म्हणालं आहे.